जलाशय-प्रदेशातील वाटेबाहेरचे पदभ्रमण : रतनगड–हरिश्चंद्रगड वर्तुळमार्गाचे भौगोलिक विवेचन

सारांश

उंच पर्वतातील सरोवरांच्या प्रदेशात रुळलेली वाट सोडून, पाठीवर सामान घेऊन वर्तुळाकार भ्रमंती करणे हा पदभ्रमणाचा एक स्वतंत्र प्रकार होय. महाराष्ट्रात हिमसरोवरे नाहीत. तथापि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड व घनचक्कर हा परिसर या प्रकाराला सर्वांत जवळचा आहे. प्रस्तुत लेखात या वर्तुळमार्गाची भौगोलिक घडण, पाण्याची उपलब्धता, नकाशावाचनाच्या मर्यादा आणि स्थानिक ज्ञानाचे स्थान यांचा विचार केला आहे. सह्याद्रीत 'वाटेबाहेर' चालणे म्हणजे वाट नसलेल्या भूमीवर चालणे नव्हे, तर नकाशावर नसलेल्या वाटांवर चालणे होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन अभ्याससहलींच्या नियोजनात या फरकाला महत्त्व आहे.

बीजसंज्ञा : पदभ्रमण, दख्खनचे पठार, जलविभाजक, ढोरवाट, समोच्च रेषा, भंडारदरा, अभ्याससहल.

१. प्रस्तावना

भूगोल, वनस्पतिशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र व शारीरिक शिक्षण या पाचही विषयांचे विद्यार्थी ज्या एका उपक्रमात एकत्र येऊ शकतात, तो म्हणजे पदभ्रमण. वर्धा शहरालगतच्या बोरगाव मेघेसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांपुढे मात्र एक अडचण असते. जवळचे बोर हे २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि मेळघाट तर व्याघ्र प्रकल्पांच्या पहिल्या यादीतील आहे. तेथे जंगलात पायी व मुक्त संचार करता येत नाही. त्यामुळे अशा उपक्रमासाठी विदर्भातील अध्यापकाची दृष्टी सह्याद्रीकडे वळते. वर्धेहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील इगतपुरी स्थानकावर उतरून घोटीमार्गे भंडारदऱ्यास जाता येते. म्हणून हा परिसर अंतराने दूर असला तरी आवाक्याबाहेर नाही.

या निवडीला भौगोलिक आधारही आहे. वर्धा जिल्हा आणि अकोले तालुका हे दोन्ही दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा गोदावरीला मिळते. वर्धा नदीही वैनगंगेशी संगम पावून प्राणहिता या नावाने गोदावरीलाच मिळते. एकाच खडकाचे व एकाच नदीखोऱ्याचे दुसरे टोक पाहणे, असा या सहलीचा अर्थ विद्यार्थ्यांना समजावून सांगता येतो.

२. हिमसरोवरांचा प्रदेश आणि सह्याद्री : मूलभूत भेद

काश्मीरमधील विशनसर, किशनसर, गडसर व गंगाबल ही सरोवरे साडेतीन ते चार हजार मीटरच्या पट्ट्यात आहेत. त्यांची निर्मिती हिमनदीने केली आहे. पर्वताच्या कुशीत साचलेला बर्फ खडक पोखरून वाटीसारखा खळगा तयार करतो. त्यास हिमगव्हर म्हणतात. हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा बांध, म्हणजे हिमोढ, खळग्याच्या तोंडाशी पडतो आणि बर्फ वितळल्यावर तेथे सरोवर उरते. अशा प्रदेशात वृक्षरेषेच्या वर दृष्टी मोकळी असते. पुढची खिंड तासभर आधी दिसते, पाणी पावलोपावली मिळते. रुळलेली वाट नसली तरी चालणाऱ्याला दिशा सापडते. तेथील खरे संकट विरळ हवा, थंडी व अचानक बदलणारे हवामान यांतून येते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल या उंचावरील सरोवरांच्या मार्गावर २२ जणांच्या गटातील ९ जण प्रतिकूल हवामानात मृत्युमुखी पडले. मोकळी दृष्टी असलेल्या प्रदेशातही बेसावधपणाला क्षमा नसते, हे या घटनेने दाखवून दिले.

सह्याद्रीची घडण याहून सर्वस्वी वेगळी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी तो बनला आहे. येथे हिमनदी कधी नव्हती, त्यामुळे हिमगव्हरे नाहीत आणि नैसर्गिक सरोवरेही नाहीत. बेसाल्टमधील आपल्या राज्यातील विख्यात नैसर्गिक सरोवर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. तेही अशनीच्या आघाताने झालेले. सह्याद्रीच्या माथ्यावरचे 'तलाव' माणसाने बांधलेले किंवा खोदलेले असतात. भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर असून साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. मुळा नदीवरील अंबितचा लघुपाटबंधारे तलाव त्यामानाने अगदी लहान, म्हणजे १९३ दशलक्ष घनफुटांचा आहे. दक्षिणेला जुन्नर तालुक्यात पुष्पावती नदीवर पिंपळगाव जोगा जलाशय आहे. गडांवरची टाकी ही याच जलसंस्कृतीची जुनी रूपे होत.

सारांश, हिमसरोवरांच्या प्रदेशात चालणाऱ्याला पाणी शोधावे लागत नाही. सह्याद्रीत पाणी कोठे आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि हे ज्ञान नकाशापेक्षा माणसांजवळ अधिक असते.

३. वर्तुळमार्गाचे स्वरूप

हा मार्ग भंडारदरा जलाशयाच्या नैर्ऋत्य टोकावरील रतनवाडी येथे सुरू होतो. गावातील अमृतेश्वराचे मंदिर हे संरक्षित स्मारक आहे. येथून रतनगड (१,२९७ मी.), तेथून दक्षिणेकडे कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढे पाचनई व हरिश्चंद्रगड (सुमारे १,४२५ मी.) असा पूर्वार्ध होतो. परतीस पुन्हा पाचनईला उतरून मुळेच्या खोऱ्यातील अंबित, शिरपुंज्याचा भैरवगड, घनचक्कर व मुडा यांची डोंगररांग आणि शेवटी रतनवाडी असा उत्तरार्ध होतो. चालणाऱ्या गटाच्या कुवतीनुसार यास साधारण पाच दिवस लागतात.

यातील रतनगड व हरिश्चंद्रगड यांवरच्या वाटा रुळलेल्या आहेत. रतनगडावर लोखंडी शिड्या आहेत. पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट सुटीच्या दिवशी गर्दीने भरून जाते. परंतु या दोन गडांमधील कात्राबाईचे जंगल आणि त्याहूनही अधिक घनचक्करची रांग येथे फलक, खुणा वा सलग वाट यांचा भरवसा धरता येत नाही. 'वाटेबाहेरचे' म्हणावे असे पदभ्रमण ते हेच.

या वर्तुळाची खरी शैक्षणिक किंमत जलविभाजकात आहे. रतनवाडीचे पाणी प्रवरेला जाते. कात्राबाईची खिंड ओलांडली की पाणी मुळेला जाऊ लागते. घनचक्करची रांग पार करताना आपण मुळेच्या खोऱ्यातून पुन्हा प्रवरेच्या खोऱ्यात येतो. हरिश्चंद्रगडावर तर तीन दिशांचे पाणी वाटले जाते. उत्तरेकडचे मुळेतून गोदावरीला, दक्षिणेकडचे पुष्पावती, कुकडी व भीमा यांतून कृष्णेला आणि कोकणकड्यावरून कोसळणारे अरबी समुद्राला मिळते. जलविभाजकाची व्याख्या वर्गात फळ्यावर लिहिता येते. येथे तो पायाखाली असतो.

वर्तुळमार्गाचा आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. हरिश्चंद्रगडाच्या उत्तर कडेवरून मुळेच्या खोऱ्यापलीकडे घनचक्करच्या रांगेची दक्षिण बाजू समोर दिसते. परवा ज्या सोंडेवर चढायचे ती आजच निरखून ठेवता येते. सरळ रेषेत जाणाऱ्या मार्गात ही सोय क्वचितच मिळते.

४. पाण्याचे गणित

घाटघर व रतनवाडी हा पट्टा जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा आहे. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस अकोले गावाकडे जाताना हे प्रमाण झपाट्याने घटते. मात्र हा सारा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उघड्या कातळावरून वाहून जातो. ऑक्टोबरमध्ये खळाळणारा ओढा फेब्रुवारीत कोरडा असतो.

पाणी कोठे टिकते याचे उत्तर खडकाच्या रचनेत आहे. लाव्हाचे दोन थर जेथे भेटतात तेथे अनेकदा लाल मातीचा वा सच्छिद्र खडकाचा पट्टा असतो. वरून झिरपणारे पाणी अशा पट्ट्याशी अडते व बाजूने पाझरते. डोंगरातील बरेचसे झरे त्यामुळे विशिष्ट पातळीवर आढळतात. जुन्या गडकऱ्यांनी टाकी खोदण्यासाठी जागा निवडताना हीच जाण वापरलेली दिसते. विद्यार्थ्यांना एक झरा दाखवून त्याच पातळीवर दुसरा शोधावयास सांगणे हा उत्तम क्षेत्रीय स्वाध्याय ठरतो.

नियोजनाच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. चालणाऱ्या व्यक्तीस स्वयंपाकासह दिवसाला किमान चार लिटर पाणी लागते. सहा जणांच्या गटाला दोन दिवस खात्रीचा पाणवठा नसेल तर ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो वजन वाहावे लागेल. प्रत्येकाच्या पाठीवर आठ किलोंची भर पडेल. म्हणून मुक्कामाची जागा रम्यतेवर नव्हे, तर पाण्यावर ठरवावी लागते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ या मार्गास सर्वांत अनुकूल. मार्चनंतर घनचक्करच्या माथ्यावर पाण्याची आशा धरू नये.

५. खडक, नकाशा आणि समोच्च रेषा

दख्खनच्या भूरूपाला पायऱ्यापायऱ्यांची ठेवण आहे. कठीण, एकसंध थरातून उभा कडा तयार होतो, तर मृदू थर झिजून पदर किंवा माची बनते. सह्याद्रीत आडवे चालणे शक्य होते ते या पदरांमुळे. एका पदरावरून दुसऱ्या पदरावर चढण्यासाठी सोंड, खिंड किंवा नाळ लागते. खडकातील भेगांच्या वा भित्तींच्या रेषेत झीज होऊन नाळा तयार होतात. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेची बेलपाड्याकडून येणारी नळीची वाट हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मात्र ती नवख्यांसाठी नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे आता संकेतस्थळावरून उपलब्ध होतात. ते वाचता येणे आवश्यक आहे. परंतु त्यांची एक मर्यादा विद्यार्थ्यांना सांगितलीच पाहिजे. या नकाशांत समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. १५ मीटरचा, म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारतीइतका कातळटप्पा दोन रेषांच्या मधे सहज लपून राहतो. गोलाकार टेकड्यांच्या प्रदेशात ही त्रुटी फारशी जाणवत नाही. पायऱ्यांच्या सह्याद्रीत मात्र ती प्राणावर बेतू शकते. नकाशावर उतरण्याजोगी दिसणारी घळ प्रत्यक्षात कड्यावर संपते.

याच्याशी निगडित दुसरी बाब अशी की, खालून पाहताना कडा दिसतो, वरून पाहताना दिसत नाही. वाट चुकलेला माणूस स्वभावतः पाण्याच्या ओघाने खाली उतरू लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर परत चढणे अधिक अवघड करून ठेवतो. म्हणून वाटेबाहेर चालताना पाळावयाचा पहिला नियम असा की, ज्या घळीचे तळापर्यंतचे रूप आधी पाहिलेले किंवा खात्रीच्या माणसाने सांगितलेले नाही, तिच्यात उतरू नये. जेथून चढलो तेथे परत जावे.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम उपयोगी पडतो. तासाला पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला एक तास जादा. पाच किलोमीटर अंतर व ५५० मीटर चढ असल्यास या नियमाने दोन तासांहून थोडा कमी वेळ येतो. परंतु हा नियम चांगल्या वाटेसाठी व हलक्या ओझ्यासाठी आहे. कारवीच्या जाळीतून, घसाऱ्यावरून आणि पाठीवर पंधरा किलो घेऊन चालताना हा वेळ दुप्पट धरणेच शहाणपणाचे.

६. ढोरवाट आणि वाटाड्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घनचक्करच्या रांगेवर 'वाट नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? त्या डोंगरावर गुरे चरतात. हिरडा गोळा करणारी, सरपण आणणारी माणसे तेथे ये-जा करतात. एका खोऱ्यातील वाडीचे नातेसंबंध दुसऱ्या खोऱ्यातील वाडीशी असतात. महादेव कोळी व ठाकर समाजाच्या कित्येक पिढ्यांनी येथे वाटांचे जाळे विणले आहे. १८४० च्या दशकात इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले याच तालुक्यातील राघोजी भांगरे प्रदीर्घ काळ सरकारच्या हाती लागले नाहीत, यामागे या भूमीची आणि येथील माणसांची साथ होती. १८४८ मध्ये त्यांना ठाणे येथे फाशी देण्यात आले.

ढोरवाटेचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यावे लागते. ती गुरांच्या गरजेने ठरते. ती पाणवठ्याकडे, चराईच्या पदराकडे किंवा गोठ्याकडे जाते. तिला गडावर वा पलीकडच्या खोऱ्यात पोहोचण्याची निकड नसते. त्यामुळे ठळक दिसणारी वाट एकाएकी गवतात विरते आणि पुसट वाट खिंडीपर्यंत नेते. कात्राबाईच्या जंगलात नवखे गट चकतात ते वाट नसल्यामुळे नव्हे, तर फार वाटा असल्यामुळे. कोणती वाट कशासाठी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्यांतून निवड करता येते.

अलीकडे भ्रमणध्वनीवर जीपीएसची रेघ उतरवून घेऊन चालण्याचा प्रघात पडला आहे. हे साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण ती रेघ एका माणसाने एका ऋतूत केलेल्या चालीची नोंद असते. जानेवारीत नोंदलेली ओढ्याची वाट ऑगस्टमध्ये धबधबा झालेली असते. शिवाय ही रेघ 'कोठे' एवढेच सांगते. 'का' हे सांगत नाही. स्थानिक वाटाड्या दोन्ही सांगतो.

हे ज्ञान कायम राहील असे गृहीत धरता येत नाही. शेतीचा हंगाम संपला की येथील अनेक कुटुंबे नारायणगावसारख्या बागायती पट्ट्यात मजुरीसाठी जातात. जेथे गुरे कमी होतात तेथे चराईच्या वाटा कारवीखाली बुजतात. शाळा-महाविद्यालयांत गेलेल्या पिढीला त्या वाटा चालण्याचे कारण उरत नाही. वाट ही वापरानेच जिवंत राहते.

७. ऋतू व धोके

पावसाळ्यात या परिसरात धुके इतके दाट होते की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडाच्या परिसरात पाऊस व धुक्यात वाट चुकलेल्या पुण्याच्या गटातील एकाचा थंडीने मृत्यू झाला. सह्याद्रीत थंडीने मृत्यू होऊ शकतो, यावर विदर्भातील आपल्या विद्यार्थ्यांचा सहसा विश्वास बसत नाही. भिजलेले कपडे, वारा व थकवा एकत्र आले की हवेचे तापमान शून्याजवळ जाण्याची गरज नसते, हे त्यांना आवर्जून सांगावे लागते. कोरड्या कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत राखून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

पावसाळ्यानंतर कमरेइतके वाढलेले गवत दगड व खाचा झाकून टाकते. उन्हाळ्यात तेच गवत वाळून निसरडे होते आणि खालचा मुरूम सुटतो. कड्यांच्या पोटात आग्या मोहोळाची पोळी असतात. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये व आरडाओरडा हे तेथे टाळलेच पाहिजेत. बऱ्याच भागात भ्रमणध्वनीला संपर्क मिळत नाही. म्हणून मार्गाचा लेखी तपशील आणि परतीची अंतिम वेळ गावातील एका जबाबदार व्यक्तीकडे व महाविद्यालयाकडे ठेवणे अनिवार्य मानावे. संकटप्रसंगी मदतीसाठी राज्यातील गिर्यारोहकांचे बचाव समन्वय केंद्र कार्यरत आहे. तरीही दुर्गम जागी मदत पोहोचण्यास अनेक तास लागतात, हे विसरू नये.

८. कायदा व पर्यावरण

हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्याचे क्षेत्र ३६१.७१ चौ. किमी. आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ व २८ नुसार अभयारण्यातील प्रवेशास परवानगी लागते आणि कलम ३० नुसार तेथे आग लावण्यास मनाई आहे. म्हणून शेकोटी हा सहलीचा अविभाज्य भाग मानण्याची सवय येथे सोडावी लागते. मुक्कामाबाबतचे वनविभागाचे नियम प्रत्येक वेळी आधी विचारून घ्यावेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये जाहीर केलेले साहसी पर्यटन धोरणही आयोजकांनी वाचलेले असावे.

वाटेबाहेर चालण्याचा एक नैतिक प्रश्नही आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हिमालयातील उंच कुरणांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली, कारण तेथील मातीचा पातळ थर मोठ्या गटांचा भार सोसू शकत नाही. सह्याद्रीच्या सड्यांची स्थिती वेगळी नाही. कातळावरच्या बोटभर मातीत पावसाळ्याच्या उत्तरार्धात उगवणाऱ्या कित्येक वनस्पती केवळ पश्चिम घाटातच आढळतात. येथे गट लहान ठेवणे, शक्य तेथे उघड्या कातळावरून चालणे आणि पाणवठ्यापासून दूर मुक्काम करणे एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ नुकसान टळते. टाक्यातले पाणी गुरे व वन्यप्राणी पितात, त्यामुळे त्यात साबण वापरणे सर्वथा अयोग्य होय.

९. अभ्याससहलीच्या संदर्भात

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन आयोजनासाठी पुढील मुद्दे सुचवावेसे वाटतात.

(१) पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना केवळ रतनगड व हरिश्चंद्रगडाच्या रुळलेल्या वाटांवर न्यावे. संपूर्ण वर्तुळ हे अनुभवी व निवडक विद्यार्थ्यांसाठी राखावे.

(२) प्रत्येक खोऱ्यासाठी त्याच खोऱ्यातील वाटाड्या घ्यावा. कुमशेतच्या माणसाला घनचक्करची उत्तर बाजू ठाऊक असेलच असे नाही.

(३) वाटाड्याचे मानधन हमालीच्या वा किरकोळ खर्चाच्या शीर्षाखाली न दाखवता अतिथी व्याख्यात्याच्या मानधनाप्रमाणे दाखवावे. तो रस्ता दाखवण्याबरोबर भूगोल, वनस्पती व जलव्यवस्थापन शिकवत असतो. अहवालात त्याचा ज्ञानस्रोत म्हणून उल्लेख, त्याच्या संमतीने, व्हावा.

(४) विद्यार्थ्यांनी पाणवठे, स्थाननामे व वाटांचे उपयोग यांची ऋतूसह नोंद करावी. नाळ, पदर, सोंड, खिंड, बेचके, घसारा या शब्दांत सूक्ष्म भौगोलिक भेद साठवलेले आहेत. ते पाठ्यपुस्तकी परिभाषेशी ताडून पाहण्याजोगे आहेत.

(५) परत फिरण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार एकाच अध्यापकाकडे असावा आणि त्या निर्णयावर डोंगरात चर्चा होऊ नये.

१०. निष्कर्ष

हिमसरोवरांच्या प्रदेशातील वाटेबाहेरचे पदभ्रमण डोळ्यांच्या आधारे होते. सह्याद्रीच्या जलाशय-प्रदेशातील पदभ्रमण हे पाणी, खडक आणि माणसे यांच्या आधारे होते. येथील भूमी हिमनदीने नव्हे तर लाव्हा, पाऊस व गुराखी यांनी घडवली आहे. त्यामुळे परदेशातील वा हिमालयातील पद्धती येथे जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे ठरते. नकाशा व जीपीएस यांची जोड अवश्य असावी, परंतु त्यांना स्थानिक ज्ञानाचा पर्याय मानता येणार नाही. अध्यापकाच्या भरवशावर पालक आपली मुले पाठवीत असतात. त्या भरवशास पात्र होण्यासाठी सहलीपूर्वी एकदा स्वतः जाऊन, गावातील जाणत्या माणसासोबत तो मार्ग त्याच ऋतूत चालून पाहावा. हा खर्च व हे दोन-तीन दिवस महाविद्यालयांनी सहलीच्या अंदाजपत्रकातच धरावेत.